नात्यात न बसलेली खाजेकाकी

खाजेकाकी कुणाचं फुकट घेत नसे आणि फुकटचं ऐकूनही घेत नसे. जत्रेत तिच्या दुकानासमोर उभं राहून एखाद्याने चाखायला म्हणून खाज्याचे चार तुकडे तोंडात टाकले आणि काही न घेता तो चालू लागला, तर ती हूं की चूं करायची नाही. पण तोच माणूस जाताजाता खवचटपणे "काय गो काकी, काका खंय?" असं म्हणाला, की ती तागडी खाली ठेवायची आणि अर्ध्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "वेंगुर्ल्याक आसत. शुक्रवारी येतले. तुजा काय काम आसा तेंच्याकडे?" मग त्या माणसाला निमूटपणे पाव किलो खाजं विकत घ्यावं लागे.

काका होते, आणि नव्हतेही. काकीने लग्न केलं नव्हतं. आईबाप लवकर गेले, पाठच्या भावांना वाढवता वाढवता तिचं वय निघून गेलं. तोंडवलीला माडांच्या सावलीत तिचं जुनं घर. पडवीत बेसनाचं खाजं तळायचं, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळायचं, आणि कार्तिकापासून पुढे जत्रांमागून जत्रा करायच्या, असा तिचा संसार. अशाच एका जत्रेत तिची गाठ वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखानदाराशी पडली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, पैशाने गबर, स्वभावाने भिडस्त माणूस. ते खाजं घ्यायला आले, पुढच्या जत्रेत पुन्हा आले, त्याच्या पुढच्या जत्रेतही आले. घरात कारखान्याचा ढीगभर काजू पडलेला असताना हा माणूस गुळातलं खाजं नेतो किती, असं लोक म्हणू लागले.

काकी त्यांचं नाव कधी घेत नसे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण नवरा नसलेल्याचं नाव न घेणारी हीच एक. ती त्यांना "आमचे वेंगुर्ल्याचे" म्हणायची. त्यात मोठेपणा नसे आणि लाजही नसे.

लग्न का केलं नाही, असं मी तिला एकदा विचारलं होतं. मी मालवणात लोकांची आयकराची कामं करते, त्यामुळे माणसांना नको ते प्रश्न विचारायची मला सवय आहे. तिने सांगितलं, की लग्न ठरलं होतं. आमच्याकडे मोठं काही करायचं तर आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. दोघांनी मिळून कौल लावला. डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. वेंगुर्ल्याचे बिचारे तोंड पाडून देवळाच्या पायरीवर बसले. काकी त्यांना म्हणाली, "देवान लग्नाक नाय म्हटल्यान. येवाजावक नको, असा काय म्हणूक नाय." आणि येणंजाणं सुरू झालं, ते पुढे वीसेक वर्षं चाललं.

येण्याची तिची एकच अट होती. पहिल्यांदा ते आले तेव्हा त्यांनी संकोचून गाडी मागच्या वाटेला, माडांच्या आड उभी केली. काकीने त्यांना घरात घेतलंच नाही. पडवीतूनच म्हणाली, "मागल्या दारान माजर येता. माणसा फुडल्या दारान येतत." त्यांनी गाडी फिरवून पुढे आणली. तेव्हापासून दर शुक्रवारी ती पांढरी गाडी साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत तिच्या पुढल्या दारात उभी असे. गाव आधी कुजबुजलं, मग कंटाळलं, आणि शेवटी अडीनडीला काकीमार्फत वेंगुर्ल्याच्यांची गाडी मागू लागलं. आपल्याकडच्या नीतिमत्तेचं असंच असतं, गाडीची गरज लागली की ती गप्प बसते.

एका वादळात माड पडून काकीचं अर्धं घर बसलं. वेंगुर्ल्याचे दुसऱ्या दिवशी हजर. नवं घर बांधायला त्यांनी बारा लाख देऊ केले. काकीने आठ दिवस नाही म्हटलं आणि मग होय म्हटलं, पण पैसे बँकेतूनच यायला हवेत, असा हट्ट धरला. पिशवीतून आलेला पैसा चोरीचा वाटतो म्हणाली. बाईने पुढल्या दाराचाच नियम पैशालाही लावला, आणि तिथेच ती फसली.

पुढे आयकर खात्याची नोटीस आली. खाज्याच्या कमाईवर जिला कधी कर लागला नाही, तिच्या खात्यात एवढी रक्कम आली कुठून, असा प्रश्न. काकी ती नोटीस आणि अर्धा किलो खाजं एकाच पिशवीत घेऊन माझ्याकडे आली. मी तिला कायदा समजावून सांगितला, आणि सांगताना माझंच डोकं फिरत गेलं. वर्षभरात पन्नास हजारांवर भेट मिळाली आणि देणारा नातेवाईक नसेल, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. नातेवाईक कोण, याची कायद्यात यादी आहे. नवरा, बायको, भाऊ, बहीण, दीर, काका, मामा, आजोबा, सगळे आहेत. काकीने यादी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तेंच्या भावाच्या बायकोक दिल्यांनी तर?"

त्यांच्या भावाच्या बायकोला कोटी रुपये दिले तरी एक पैसा कर नाही. हीच बाई, वेंगुर्ल्याचे गोव्याच्या इस्पितळात महिनाभर पडले होते तेव्हा एकदा फळं घेऊन आली आणि पार्किंगला जागा नाही म्हणून तक्रार करत गेली. काकी तो महिनाभर तिथेच होती. अतिदक्षता विभागात फक्त नातेवाइकांना सोडतात म्हणून बाहेरच्या बाकावर बसून होती. त्या बाकावरून तिला इस्पितळाने उठवलं नाही एवढंच. आता सरकार तिला विचारत होतं, या माणसाचे तुम्ही कोण? मला इतका संताप आला, की मी नोटीस टेबलावर आपटली. तिने ती उचलून पुन्हा नीट घडी घातली.

वेंगुर्ल्याच्यांचा मुलगा पुण्याहून आला तो थेट माझ्या ऑफिसात. काकी समोरच बसलेली. तिच्याकडे न बघता तो मला म्हणाला, "बाबांचं सगळं बघतात त्या. मग पगार दाखवा ना. कारखान्याच्या खर्चात टाकता येईल." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू होता असंही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. काकी म्हणाली, "पगार? मग माजे वीस वर्सांच्या रजेचे पैशे पण काढ." मुलगा ओशाळला. मग म्हणाला, उसने दिले असं दाखवू. काकी म्हणाली, "परत करूचे नसले तर उसने कसले, बाबा? तुज्या बापाशीन माका घर दिल्यान. तसाच लिवा." तो गेल्यावर तिने टेबलावरचं खाजं माझ्यापुढे सरकवलं. त्यालाही जाताना एक पुडा बांधून दिला होताच.

वेंगुर्ल्याच्यांनी काकीबरोबर माझ्याकडे येऊन कर आपण भरतो म्हटलं. मला त्यांना सांगावं लागलं, की तुम्ही भरलात तर तीसुद्धा तिला मिळालेली रक्कमच, आणि त्यावरही कर. हे सांगताना मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. ज्या पैशावर त्यांनी आधीच कर भरलेला, त्याच पैशावर तिने पुन्हा भरायचा, का, तर त्यांनी अक्षता टाकून घेतल्या नाहीत म्हणून! मग ते हळूच म्हणाले, की लग्नच करूया, निदान पुढचं तरी सुटेल. पुन्हा एकदा कौल लावून बघू.

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला इतकी दुखावलेली मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "वीस वर्सांपूर्वी आमी देवाक लग्नाचा इचारलेला. आता टॅक्साचा इचारूचा? माका नाय जमाचा." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला, माझ्यादेखत, पहिल्यांदाच.

कर तिने स्वतः भरला. दोन हंगामांची कमाई त्यात गेली. त्या दोन वर्षांत तिने वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत एक जत्रा सोडली नाही, आणि पायांना सूज आली तरी दुकान दुसऱ्याला दिलं नाही. विवरणपत्र भरताना तिने मला विचारलं, की वेंगुर्ल्याच्यांचे पैसे कुठल्या रकान्यात गेले. मी म्हटलं, इतर उत्पन्न. ती खूप हसली. म्हणाली, "इतकी वर्सा लोक इचारी होते, ते तुजे कोण. सरकारान बरा सांगल्यान. इतर." हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मी पंख्याचं बटण दाबायला म्हणून उठले.

त्याच दिवशी मी तिला कायद्यातली आणखी एक गोष्ट सांगितली. मृत्युपत्राने मिळालेल्या पैशावर कर नाही, मग देणारा कोणी का असेना. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "म्हणजे जित्तेपणी दिल्यांनी तर गुनो, आणि मेल्यार दिल्यांनी तर माफ? कायदो माका तेंच्या मरणाची वाट बघूक सांगता?" आणि पुढे म्हणाली, "तसा आसात तर माजाच लिवन घे. घर तेंका."

मी मृत्युपत्र लिहून दिलं ते तिची समजूत काढायची म्हणून. वेंगुर्ल्याचे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, दुखणाईत. पण गेली ती काकीच. पाक ढवळता ढवळता छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं. घर तिने म्हटल्याप्रमाणे वेंगुर्ल्याच्यांकडे गेलं. भावांनी थोडी कुरकुर केली, पण ज्यांना तिने वाढवलं त्यांना मोठ्याने बोलायला तोंड नव्हतं.

महिन्याभराने वेंगुर्ल्याचे माझ्याकडे आले. काठी टेकत दोन पायऱ्या चढले, बसले, खिशातून चेकबुक काढलं आणि किती भरायचे म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांना वाटलं, मी सवलत देतेय. मी पुन्हा सांगितलं, की मृत्युपत्राने आलेल्या घरावर हा कर लागत नाही.

"तिना भरल्यान," ते म्हणाले. "त्याच घराचो. पाय सुजलेले आसताना भरल्यान. आणि माका माफ?"

कायदा तसा आहे, असं मी म्हटलं. माझ्या कानांना ते फार हलकट वाटलं.

त्यांनी चेकबुक मिटलं. मग म्हणाले, "तेव्हा मी तिचो कोण नाय होतंय. मग आता ती गेल्यार मी कोण झालंय, सांग माका."

त्यांनी चेकबुक खिशात घातलं आणि काठी घेऊन उठले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ड्रायव्हरने विचारलं, वेंगुर्ल्याला ना? ते म्हणाले, आज शुक्रवार.

अजूनही ते जातात. घर उघडतात, पडवीत बसतात, संध्याकाळी कुलूप लावून निघतात. गाडी पुढल्या दारातच उभी असते.