सोमनाथचा घडीचा फोन

माझा स्वभाव फटकळ आहे, हे सिडकोत कुणालाही विचारा. मॅचिंग सेंटर चालवायचं तर तसं असावंच लागतं. बायका साडीच्या काठाला अस्तर लावून बघण्यात अख्खी दुपार घालवतात आणि शेवटी म्हणतात, घरी विचारून येते. तर मधोमध दुमडणारा तो फोन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जे बोलले ते अगदी मनापासून बोलले. म्हटलं, बिजागरी लावलेली वस्तू आज ना उद्या कुरकुरणारच, माझ्या कपाटाचं दार बघा. चांगला सरळ फोन सोडून हा घडीचा कशाला? नाकापेक्षा मोती जड.

फोन होता सोमनाथ भोयेचा. सोमनाथ म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातला लेडीज टेलर. पवननगरच्या या ओळीत आम्ही बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून आहोत. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. गिऱ्हाईक मला सांगतं, मागचा गळा एवढा आणि बाही कोपरापर्यंत, आणि मी ते हातवारे करून त्याच्यापर्यंत पोचवते. माझे हातवारे म्हणजे दिव्यच आहेत. तरी त्याचा ब्लाउज आजवर कुणाला उसवून घ्यावा लागलेला नाही.

तो मूळचा पेठकडचा. लहानपणी आईबापांबरोबर द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला कामाला यायचा. चार इयत्ता गावच्या शाळेत मागच्या बाकावर बसून काढल्या, म्हणून सही करतो आणि दोन-चार शब्द लिहितो. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत ज्या खुणा शिकवतात त्या त्याच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत. त्याची भाषा त्याच्या बायकोने केली. भागूबाई कानाने धड, तोंडाने तर माझ्याहून वरचढ; पण नवऱ्याशी बोलायचं तर हातांनी, हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं आणि दोघांनी मिळून एकेक खूण जमवत नेली. भाताची लावणी, पाहुणे, ताप, चिडणं, सगळ्याला खूण होती. मला त्यांनी जी खूण दिली होती ती म्हणजे कपाळावर दोन बोटांनी आठ्या ओढायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

आठवण येते, याची त्यांची खूण मला सगळ्यांत आवडायची. डाव्या हाताने मापाच्या टेपचं टोक छातीशी धरायचं आणि उजव्या हाताने टेप लांब लांब ओढत न्यायची. जेवढी लांब जाईल तेवढी आठवण. टेप खरी नसायची, नुसते हात. भागूबाई माहेरी गेली की सोमनाथ मला ती खूण करून दाखवायचा आणि स्वतःच लाजायचा.

पाच वर्षांपूर्वी भागूबाई काविळीने गेली. तेव्हापासून ती भाषा बोलणारी माणसं जगात दोनच उरली, सोमनाथ आणि त्याची मुलगी तेजस्विनी. मला कामापुरती कळते, पण ते म्हणजे दारात उभं राहून घरातलं बोलणं ऐकण्यासारखं झालं.

आणि ती दुसरी व्यक्ती तीन वर्षांपूर्वी नर्सची नोकरी लागली म्हणून बंगळुरूला गेली. पोरीने जायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल ठरलेला. पण गंमत बघा, ज्याला हातांनी बोलायचं त्याचा एक हात फोन धरण्यात अडकलेला. दुसऱ्या हाताने किती बोलणार? जेवलीस का, झोपलीस का, पाऊस आहे का, एवढं एका हाताने जमायचं. टेपची खूण एका हाताने होत नाही. फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला तर तो घसरायचा आणि तेजस्विनीला बराच वेळ दुकानातला पंखा दिसत राहायचा. मी बाजारातून वाकत्या मानेचा स्टँड आणून दिला होता. शेजारी शिवणयंत्र चालू झालं की तो थरथरायचा आणि पाच मिनिटांत पेंगुळल्यासारखा मान टाकायचा. पैसे पाण्यात गेले हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आज करते.

मे महिन्यात तेजस्विनी आठ दिवस आली ती हा घडीचा फोन घेऊन. तिच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी हौसेने घेतला होता आणि आठ महिन्यांत त्यांचं मन उडालं, म्हणून हिने तो त्यांच्याकडून घेतला. मन उडालं हे ऐकून मी म्हटलं, बघ, मी काय सांगत होते. तिने फोन अर्धा दुमडून कटिंगच्या टेबलावर ठेवला. खालचा अर्धा भाग टेबलावर आडवा, वरचा अर्धा उभा. काही टेकू नाही, काही नाही, आपला आपण बसला.

ती परत गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी चहा घेऊन त्याच्या गाळ्यात गेले. सोमनाथ स्टुलावर ताठ बसला होता, दोन्ही हात मोकळे. आणि तो बोलत होता. बावीस वर्षांत मी त्याला इतकं भरभर बोलताना पाहिलं नव्हतं, निदान भागूबाई गेल्यापासून तर नाहीच. मध्येच त्याने डावी मूठ छातीशी नेली आणि उजवा हात ओढत ओढत पार भिंतीला टेकवला. पडद्यावर तेजस्विनीने तोंड ओंजळीत लपवलं. मी चहा तसाच परत आणला आणि माझ्या गल्ल्यावर बसून डोळे पुसले. फोनबद्दलचं माझं मत काही लगेच बदललं नाही, पण त्या दिवसापासून मी ते कुणाला ऐकवणं बंद केलं.

चार महिने असे सुखाचे गेले. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या ओळीत सगळी दुकानं हत्यारं पुजतात. सोमनाथची पूजा बघण्यासारखी असते. मशीन पुसून तेलपाणी करतो, कात्री, टेप, इस्त्री, खडू धुतल्या पाटावर मांडतो, झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत आणि वाहिलेल्या अक्षता त्या दिवशी झटकायच्या नाहीत, हे त्याच्या बापाने शिकवलेलं. यंदा पाटावर कात्रीशेजारी फोनही होता. पूर्ण उघडून, उताणा ठेवलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याच्या जोरावर आपण चालतो त्याची पूजा करायची, आणि त्याचं बोलणं त्या फोनवर चाललं होतं. मीही त्याला चिमूटभर अक्षता वाहिल्या.

संध्याकाळी तो आवराआवर करू लागला तेव्हा मी त्याच्या दारातच उभी होते. कात्री त्याने फडक्यात गुंडाळून निजवली. मग फोन उचलला, आतल्या अक्षता सांडू नयेत म्हणून जपून, तान्ह्या पोराला धरावं तसा, आणि हलकेच मिटला.

कट्ट, असा आवाज झाला.

मी तो ऐकला. मला वाटलं, खटका लागला असेल, डब्याचं झाकण लागतं तसा. त्याने जरा दाबून नीट मिटवला. पुन्हा बारीकसा आवाज. ऐकू येणारं कुणीही असतं तर थांबलं असतं, आणि ऐकू येणारी मी तिथेच होते. पण मी म्हटलं, येते हं, आणि घरी गेले.

दसऱ्याला सकाळी त्याने फोन उघडला. घडीच्या रेषेवर तांदळाचे दाणे रुतले होते, आणि तिथून काळ्या शाईसारखा डाग दोन्हीकडे पसरलेला. दुपारपर्यंत सगळा पडदा काळा झाला. मी त्याला घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार हिरामण ओळखीचा. त्याने फोन हातात घेतला, एक दाणा नखाने काढून बघितला आणि हसला नाही, एवढं त्याचं मी मानते. म्हणाला, आतला पडदा काचेसारखा दिसत असला तरी नाजूक कातडीसारखा असतो, एक खडा पुरतो. अख्खा पडदा बदलावा लागेल, आणि त्या भावात साधे दोन फोन येतील. सोमनाथ त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं.

परत येताना त्याने मला दोन खुणा केल्या. एक कपाळावरच्या आठ्यांची, म्हणजे मी. दुसरी ओठांवर बोट. पोरीला सांगायचं नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्याने जुन्या फोनवरून तेजस्विनीला दोन शब्द लिहून पाठवले, नेट नाही. पुढच्या रविवारी लिहिलं, काम आहे. दिवाळी तोंडावर होती, कामाचा ढीग होता, ते खोटं नव्हतं. जुन्या फोनवरून एका हाताने का होईना बोलता आलं असतं. पण नवा कुठे आहे, असं तिने विचारलं असतं, आणि हातांनी खोटं बोलणं सोमनाथला जमत नाही. चेहरा लगेच सांगतो. लिहिताना मात्र चेहरा दिसत नाही.

मी गप्प होते. मला तो कट्ट आवाज खात होता. एकदा वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, त्याने विश्वासाने तोंडावर बोट ठेवलंय. मी म्हणजे पोटात काही न राहणारी बाई, पण तीन आठवडे हे पोटात ठेवलं. या काळात तो शिवत होता, वेळेवर देत होता, फक्त रविवारी अकरा वाजले की मशीन थांबवून उगाच टेबल पुसत बसायचा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तेजस्विनीचा फोन माझ्याकडे आला. आवाज रडून बसलेला. दसऱ्याआधी तिने बापाला सांगितलं होतं की दिवाळीला सुट्टी मिळत नाही, यायला जमणार नाही. तेव्हापासून तो समोर येत नाही, नुसते दोन शब्द पाठवतो. आई गेल्यावरही ते माझ्याशी बोलायचे थांबले नव्हते, ती म्हणाली, आणि पुढे मला विचारलं, "काकू, बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय का?"

मग कसला विश्वास आणि कसलं तोंडावरचं बोट. मी सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, अक्षता, काळा पडदा, हिरामण काय म्हणाला ते. आणि शेवटी हेही सांगितलं की फोन मिटताना आवाज झाला होता, त्याला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं, मी ऐकला आणि गप्प राहिले, तेव्हा चूक माझी आहे.

मला वाटलं, पोरीला पैशांचं वाईट वाटलं असेल, किती दिवसांच्या जादा ड्युट्या होत्या त्यात.

"म्हणजे फोनच मोडलाय ना, काकू?" ती म्हणाली. "नुसता फोनच?"

मी हो म्हटलं. ती हसायला लागली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. मग म्हणाली, तुमच्या फोनवरून व्हिडिओ लावा, आत्ता.

मी तशीच उठून शेजारी गेले आणि त्याच्यासमोर फोन धरला. सोमनाथने लेक बघितली, मग माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच खूण कपाळावर करून दाखवावीशी वाटली. पण मी फोन दोन्ही हातांनी त्याच्या छातीच्या उंचीला धरून उभी राहिले. त्याने हातातली बाही बाजूला ठेवली. एका तळव्यावर चिमटीने दाणे ठेवले, दोन्ही तळवे मिटले, आणि मग कानाला हात लावून मान हलवली. बावीस वर्षांत आपल्याला ऐकू येत नाही याची तक्रार त्याने कुणाकडे केलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात दोन्ही कामात असल्यामुळे पुसता येत नव्हतं.

तेजस्विनी खुणा करताना तोंडाने बोलतेही, लहानपणापासूनची सवय. म्हणून मला कळलं ती काय म्हणाली. म्हणाली, "बाबा, इथे मी दिवसभर सगळ्यांचं ऐकते. माझ्याशी बोलणारे तुम्ही एकटेच आहात."

तिने फोन कुठे तरी पाण्याच्या बाटलीला टेकवला होता, तो पडायचा आणि ती पुन्हा उभा करायची. माझे दंड भरून आले. खांद्यापासून मुंग्या आल्या तरी मी हलले नाही, आणि कशाला हलू? तीन आठवड्यांचं राहिलेलं होतं. तिने तिच्या वॉर्डातलं काही सांगितलं, त्याने कुणाच्या तरी साडीचं. मध्येच दोघं हसली, कशावर ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. दिवाळीचा ब्लाउज होता तिचा, आजचा वायदा. आत डोकावून तिने मला विचारलं, टेलर मोकळे आहेत का.

"थोडं थांबा," मी म्हटलं. "ते बोलतायत."