शिलेदाराचा उजवा डोळा

हे किस्से मला खरंच आठवतात, की सांगून सांगून तसे झाले आहेत, याची मला खात्री नाही. उमेदीची वर्षं काशीला न्यायशास्त्र शिकण्यात घालवली, प्रमाण कशाला म्हणावं यावर वाद घातले. आणि आता एखादं वाक्य दुसरं कोणी बोललं होतं की मी, एवढंही ठरवता येत नाही. पण फौजेच्या दफ्तरात आयुष्य काढलेल्या माणसाकडे असल्या गोष्टी साठतच जातात. झाडून काढल्या तरी कोपऱ्यात उरतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कुठे चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. आमच्या दफ्तरात ती सोय नव्हती!

*

आमचं काम चेहऱ्यांचं. फौजेतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा कागदावर उतरवलेला असे. वर्ण, बांधा, व्रण, काय तुटलं, काय फुटलं. एकाच्या जागी दुसऱ्याने उभं राहू नये म्हणून. ज्यांना जखमेबद्दल इनाम शेत मिळालं होतं, त्यांना मागाहून कधीतरी पुण्यास बोलावणं जाई. मी कागद वाचायचा आणि दादाजीपंतांनी, म्हणजे आमच्या मुख्यांनी, समोरच्याकडे पाहायचं. जुळलं की शिक्क्याची चिठ्ठी. ती गावी पाटलाला दाखवली नाही, तर शेत सरकारजमा.

एकदा एक म्हातारे स्वार आले. मी वाचलं, "मिशा काळ्या, भरघोस." समोर ओठावर चार पांढरे केस.

पंत म्हणाले, "मिशा कुठे आहेत?"

"गेल्या."

"कोणाच्या हुकमाने?"

दुसऱ्या दिवशी स्वार ओठावर काजळ फासून हजर! पंतांनी बराच वेळ न्याहाळलं. "भरघोस नाहीत," म्हणाले, "पण काळ्या आहेत. निम्मं जुळलं." आणि शिक्का दिला.

*

सुभानजी शिलेदार पहिल्यांदा आले ते आपल्या म्हाताऱ्या घोडीवर बसून. नीरेकाठचे. उंच, सावळे. उत्तरेच्या स्वारीत भाल्याने डावा डोळा गेलेला. त्याबद्दल मिळालेल्या शेतावर घरातली सगळी तोंडं जगत होती. मी रुमालात बांधलेला गठ्ठा सोडला, त्यांचा कागद काढला आणि वाचलं, "उजवा डोळा गेलेला, डावा शाबूत."

पंतांनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला माझा आवाज बारीक झाला, जशी काही चूक माझीच.

"शिलेदार, आपला उजवा डोळा जागेवर आहे!"

"हाय की. त्यानंच तर तुमास्नी बगतोय."

"तो नसायला हवा."

कागदावर खाली घोडीचंही वर्णन होतं. पंत उठून अंगणात गेले. चारी पाय पांढरे, कपाळावर मधोमध पांढरा टिळा. सगळं जुळलं. परत येऊन बैठकीवर टेकले आणि म्हणाले, "घोडी अस्सल आहे. तिच्यावर बसून कोण आलं, ते मात्र सांगता येत नाही!"

*

त्यानंतर सुभानजी येतच राहिले. दिवेघाट उतरायचा, रात्री कसब्यात एका तांबटाच्या ओसरीवर पडायचं, सकाळी आमच्या दारात. दर खेपेला मी तोच कागद सोडायचा आणि तेच वाचायचं. कागदाच्या घड्या विरत चालल्या, आणि आम्हीही.

चूक कशी झाली ते शोधलं मी. निदान मला तसं वाटतं. आमचा रिवाज असा, की चेहरा लिहिताना डावं-उजवं धरायचं ते समोरच्या माणसाच्या हाताने. पण छावणीत जखमींचे चेहरे ज्या कारकुनाने लिहिले, तो गृहस्थ धरत गेला स्वतःच्या हाताने. तो समोर बसलेला. त्याच्या उजव्या अंगाला जो डोळा दिसला, तो त्याने उजवा लिहिला!

मी अनुमानाची पाचही अंगं मांडून हे पंतांना समजावलं. ते सुपारी कातरत ऐकत होते.

"शास्त्रीबुवा, पटलं. उपाय?"

"यांना आरशापुढे उभं करावं. आरशातल्या माणसाचा उजवाच डोळा गेलेला असेल."

"वा! मग शेतही आरशातल्या माणसाला द्यावं लागेल. तो नांगर धरतो का, विचारून घ्या."

कारकून मंडळी हसली. तेव्हापासून माझा माझ्या अनुमानावरचा विश्वास उडाला तो उडालाच. अजूनही जेवायला बसताना उजवा हात कोणता, हे क्षणभर मनाशी ठरवून घेतो.

*

"खोडून नीट ल्ह्या की, पंत," सुभानजी म्हणायचे. "एक शब्द तर हाय."

"ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त करावं, असा नियम आहे."

"मग बोलवा त्याला."

"तो वारला."

"आता वो?"

"आता त्याच तुकडीतला साक्षीदार आणा. त्याने ओळखलं, तर विचार करता येईल. फक्त साक्षीदाराचा स्वतःचा चेहरा जुळला पाहिजे."

सुभानजी पुढच्या खेपेला येसजी नावाच्या सोबत्याला घेऊन आले. आल्याबरोबर येसजींनी सुभानजींच्या पाठीत थाप मारून सांगितलं, "ह्यो सुभानजी! ह्याला घोड्यावर घालून मीच आनलाय." त्यांच्या डाव्या गालावर तलवारीचा हा एवढा वार. मी त्यांचा कागद काढला. वाचू लागलो.

"उजव्या गालावर वार."

लिहिणारा तोच होता ना!

पंतांनी कपाळाला हात लावला. "शिलेदार, मी आपल्याला साक्षीदार आणायला सांगितलं होतं. आपण आणखी एक तोतया घेऊन आलात!"

येसजी खवळले. "पंत, तुमचा चेहरा कुटं लिवलाय?"

"आमचा? आमच्या कुटुंबाच्या ध्यानात आहे. तेवढ्यावर निभावतं."

बाहेर पडताना येसजी मला हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, माझं शेत तर जात न्हाई न्हवं?" त्यांना बोलावणं आलेलं नव्हतं, म्हणून मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं.

*

एका दुपारी सुभानजी आले ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. पाटलाने सांगितलं होतं, सुगीपर्यंत चिठ्ठी आली तर ठीक, नाही तर पीक सरकारचं.

"पंत, डोळा सरकारच्या कामी गेला. कंचा गेला, ते मला इचारा की! कागदाला काय इचारता?"

पंतांनी कागदावर बोट ठेवलं.

"बरं, मग ह्योबी काढून देतो. उजवाबी गेला, म्हंजे तुमचा कागद खरा झाला. देऊ का?"

ते चिडून बोलत नव्हते हो. भाजीचा भाव ठरवावा तसे विचारत होते.

पंत अगदी हळू म्हणाले, "शिलेदार, तसं करू नका. पुढे 'डावा शाबूत' असं लिहिलंय. ते चुकेल."

सुभानजी मोठ्याने हसले. इतक्या खेपांत त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. पागोटं सारखं केलं आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

*

सुगी जवळ आली होती. दुपारची जेवणं होऊन आम्ही पेंगत बसलो होतो. दारात एक उंच, सावळे गृहस्थ उभे राहिले.

"नाव?" पंतांनी विचारलं.

"सुभानजी शिलेदार. नीरेकाठचा."

मी ताडकन मान वर केली. हे सुभानजी नव्हते. यांना मी कधीही पाहिलेलं नव्हतं. पण यांचा उजवा डोळा नव्हता!

"वाचा, शास्त्रीबुवा."

मी रुमाल सोडून कागद काढला. "वर्ण सावळा."

"आहे."

"बांधा उंच."

"आहे."

"उजवा डोळा गेलेला, डावा शाबूत."

"उत्तम! इतका तंतोतंत चेहरा फार दिवसांनी पाहिला." पंतांनी स्वतःच्या हाताने शिक्का उमटवला. चिठ्ठी घेऊन ते गृहस्थ मुजरा करून गेलेसुद्धा.

मी पंतांच्या कानाशी लागलो. "पंत, अहो, हे ते नव्हेत!"

"ते म्हणजे कोण?"

"सुभानजी!"

"सुभानजी आत्ता येऊन गेले. त्यांच्या नावाने एक न जुळणारे गृहस्थ येत असत, ते यायचे थांबले. बरं झालं." आणि सुपारी तोंडात टाकून त्यांनी पुढचा रुमाल सोडला.

मला त्यानंतर किती तरी वर्षं स्वस्थता नव्हती. त्या बिचाऱ्याचं शेत आपण डोळ्यांदेखत एका चोराच्या हातात दिलं, आणि वाचणारा मी! पंतांना विचारायचं ठरवत राहिलो. पंत गेले, तरी विचारलं नव्हतं.

पुढे मुलीच्या सासरी जाताना वाट नीरेकाठावरून होती. थोडी वाकडी करून गेलो. पाटलाला विचारायचा धीर होईना, म्हणून शेताकडेच गेलो. ज्वारी उभी होती. बांधावर घोंगडी टाकून सुभानजी हुरडा चोळत बसले होते. चांगले पिकले होते, पण तेच. फुंकर मारून त्यांनी मूठ शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या तळहातावर रिकामी केली. त्या गृहस्थांचा उजवा डोळा नव्हता.