अर्धा कोयता

"तुझं नाव काय गं?" बागायतदाराच्या पोरीनं इचारलं, आन मी पटकन म्हनले, "अर्धा कोयता."

ती हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. तिची आई वसरीवर गहू निवडीत हुती. पोरगी वरडली, "आई, हिचं नाव अर्धा कोयताय." आई बी हसली. मी रिकामी घागर घिऊन तशीच उभी.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हनत्यात. मुकादम मानसं मोजत न्हाई, कोयतं मोजतो. एकटं मानूस म्हंजी अर्धा. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या हिरी आटल्या, म्हनून आमी आमच्याच जिल्ह्यातल्या देवळालीकडं ऊस तोडाया आलो. आईचं दिवस भरत आल्यालं, ती गावीच राह्यली. तिच्या जागी मी. बाप अर्धा, मी अर्धी. आल्यापास्नं मुकादमानं त्याच नावानं हाक मारली, तर तोंडातून दुसरं काय येनार?

पोरगी माझ्याच वयाची. मोटार चालू हुती, आन ती मोटारीच्या पान्याखाली केस धूत हुती. शिकेकाईचा फेस सारनीतनं उसात चालला हुता. गावी माझी आई पोटुशी असून आडात उतरायची, वाटीवाटीनं घागर भरायची. हितं पोरीच्या डोक्यावरनं पानी उसाला जातंय.

मला लई हेवा वाटला. तिच्या केसांचा, भिताडाला टेकवल्याल्या सायकलीचा, दांडीवर वाळत घातल्याल्या शाळेच्या झग्याचा. पन समद्यात जास्त जळले ती त्या पान्यावर. जिल्हा एकच. आमी बी शेतकरीच, आमची बी जमीन हाय. भंडारदऱ्याचं पानी पाटानं त्यांच्या बांधाला आलं, आमच्याकडं आलंच न्हाई. बाकी तिला काय शिंगं नव्हती.

मी घागर मोटारीखाली धराया गेले. तिची आई वसरीवरनंच म्हनाली, "कोयत्याला हौदातलं घे म्हनावं. गुरं पित्यात, तिला काय हुतंय."

हौदावर कडब्याचा चुरा तरंगत हुता. म्हशीनं नुकतंच तोंड काढलं हुतं. एवढं धो धो पानी वाहातंय, आन मला म्हशीचं उष्टं. मी घागर बुडवली न्हाई. उसाच्या फडात बापाचा घसा सुकला हुता, तरी रिकामी घागर घिऊन आले. बापानं घागरीत डोकावून बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. पाचटात बसून राह्यला.

दुसऱ्या दिशी मुकादमानं आमच्या पाचटाच्या कोपीपुढं हाक मारली, "ए अर्धा कोयता, चल."

मी उठले न्हाई.

बाप घाबरला. "ऊठ गं बाई. तू बसलीस तर माझा बी कोयता मोडला. गावाकडं काय खायाचं?" खरंच हुतं त्याचं. गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडायची, न्हाईतर उपाशी निजायचं. पन डोळ्यापुढनं तो फेस जाईना. तिला नावानं हाक मारायची, मला मोजायचं. तिला मोटारीचं पानी, मला हौदातलं.

"मला नाव हाय," मी म्हनले.

"बापलेकीला आजच गावाकडं धाडीन," मुकादम म्हनला.

बाप उठला. वाटलं, आता मला मारनार. त्यानं त्याचा कोयता उचलला आन माझ्याजवळ जमिनीवर ठिवला. म्हनला, "मुकादम, पोरीचं नाव घ्या. मग दोगं बी येतो."

मुकादमानं एक घान शिवी हासडली. मग माझं नाव घेतलं. नीट न्हाई घेतलं, थुकल्यावानी घेतलं. पन घेतलं. मी उठले.

लोक म्हनत्यात, हेवा करू नये. मी करते. आजून करते. त्या पोरीच्या वाटचं पानी मला नको. आमच्या शिवारातल्या पोरींनी मोटारीखाली केस धुवावं, आन तो फेस आमच्या रानात जावा, एवढं पाहिजे. तवर माझ्या पोटातलं हे जळनं मी इझू देनार न्हाई.