बैठकीला न आलेला तिसरा पक्ष

आमच्याकडे लग्न झालेली लेक माहेरी किती दिवस राहते, यावर सगळ्या गावाचं बारीक लक्ष असतं. आठ दिवस राहिली तर लाडाची. महिनाभर राहिली तर आजारी. तीन महिने राहिली तर नवऱ्यानं टाकलेली. मी सव्वा वर्ष राहिले. माझ्याबद्दल गावात काय काय बोललं गेलं असेल, याची तुम्ही कल्पना करा आणि त्यात आणखी एक गोरी सवत घाला.

मी आले होते एकवीस दिवसांसाठी. आईचा खुबा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, जवळ कुणीतरी हवं होतं. ओतूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. नवरा आणि चौदा वर्षांची लेक तिकडे राहिली. तिकडे म्हणजे पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. नवरा तिथे एका मोठ्या गोठ्यावर दूध काढायची यंत्रं सांभाळतो, मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. चार वर्षं झाली होती आम्हाला. नागरिकत्व नव्हतं, कामाचा व्हिसा होता. नवऱ्याच्या व्हिशाला माझा बांधलेला, आणि त्यावर संपायची तारीख छापलेली. त्या देशाचं नाव मी घेत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायला निदान उखाण्याची सोय असते.

परतीचं विमान रविवारचं होतं. गुरुवारी साथीच्या भीतीनं त्या देशानं दार लावून घेतलं. नागरिकांनी यावं, बाकीच्यांनी जिथे असाल तिथेच राहावं. शुक्रवारी आमच्या गावानंही वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. म्हणजे मी दोन्हीकडून बंद. उसातले बिबटे तेवढे ओतूर ते ओझर बिनापास फिरत होते.

माझ्या व्हिशाचे तेव्हा पंधरा-सोळा महिने उरले होते. तेवढ्यात मी त्या देशात पाऊल टाकलं नाही, तर तो संपणार होता. नवीन अर्ज बाहेरून घेणंच त्यांनी बंद केलं होतं. नवरा आणि लेक इकडे आले असते तर तेही इकडेच अडकले असते. त्याचं काम गेलं असतं, तिची शाळा गेली असती. तेव्हा ते दोघं तिकडे, मी इकडे, आणि मधे ती एक तारीख.

खास सवलतीसाठी अर्ज करता येत होता. मी केला. तीन दिवसांत नकार आला. दुसरा केला, तिसरा केला, चौथा केला. चारही नकार एकाच साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे. खाली सही नाही, नाव नाही, आणि शेवटी एक ओळ: या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. मी तरी पाठवायची. दर सोमवारी, आंघोळ करून, कुंकू लावून, त्या उत्तर न देणाऱ्या पत्त्याला मी सविस्तर मराठीत पत्र लिहायची. तो माझा उपास होता असं समजा.

इकडे गावाचा या सगळ्यावर विश्वास बसेना. आजार खरा आहे हे त्यांना पटलं होतं, टाळेबंदी खरी आहे हे दंडुक्यानं पटलं होतं. पण एखादा देश नांदत्या बाईला तिच्याच घरी जाऊ देत नाही, हे काही त्यांच्या गळी उतरेना. पिठाच्या गिरणीवर शेजारच्या वहिनींनी मला सरळ विचारलं, पावणं न्यायला कवा येणार? मी म्हटलं, तिथलं सरकार सोडत नाही. त्यांनी डबा खाली ठेवला.

“नवरा-बायकूच्यात सरकारचा काय संबंध?”

मी माझं पीठ उचललं आणि घरी आले.

मग मला खुमखुमी आली. लग्नातला शालू, नथ, कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात ठसठशीत डोरलं, अशा थाटात एका सकाळी मी पायलीभर बाजरी दळायला निघाले. गावातून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले. बघा म्हटलं, ही टाकलेली बाई. संध्याकाळपर्यंत गावाचा निर्णय झाला: आता बिचारीच्या डोक्यावर पण परिणाम झालाय.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आई वॉकर घेऊन रोज ओट्यावर येऊन बसायची, ते तिनं बंद केलं. चालायचा सराव आता ती घरातच करायची, मधल्या खोलीत, भिंत धरून. ओट्यावर आलं की येणारा-जाणारा माझी चौकशी करायचा. ते बघितलं आणि माझं हसू आटलं.

अशात एक दिवस तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते, आमच्या भावकीतले मोठे. त्यांनी चहा बशीत ओतला, संपवला, आणि म्हणाले की बैठक लावू.

ही बैठक म्हणजे काय ते सांगते. लेक माहेरी येऊन बसली की दोन्हीकडची वडीलधारी माणसं एकत्र बसतात. कोणाचं चुकलं ते ठरतं, ज्याचं चुकलं तो सगळ्यांदेखत कबूल करतो, आणि लेकीला नांदायला पाठवतात. तात्यांनी आयुष्यात अशा बैठकांमधून किती संसार जोडलेत त्याला गणती नाही. आई म्हणाली, घेऊन टाक बाई, माझ्या जिवाला घोर आहे. आणि खरं सांगू? मला राग यायला हवा होता, पण गंमत वाटली. चार अर्ज केले तरी ज्यांनी तोंड दाखवलं नाही, त्यांच्यापेक्षा हे बरे. हे निदान समोर बसणार होते.

मारुतीच्या सभामंडपात, सकाळी दहाला. खडूनं गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. चार आमच्याकडचे, चार सासरचे; सासर आंबेगावातलं, अवसरीजवळचं. ते दोन मोटरसायकलींवर आले होते आणि सगळ्यांचे मास्क हनुवटीला. बाईनं अशा वेळी खांबाआड उभं राहायचं असतं. मी घरून खडूचा तुकडा नेला होता. मधोमध माझा गोल मीच काढला आणि त्यात मांडी घालून बसले. माझे चुलत सासरे खाकरले. तात्यांनी पाहिलं आणि फोन लावायला सांगितलं.

फोन पितळी तांब्याला टेकवून ठेवला. तिकडे संध्याकाळ होत आलेली. नवरा रबरी बूट घालून गोठ्यातच उभा होता, मागे यंत्रांची फटफट. एवढी माणसं बघून त्यानं आधी टोपी काढली.

तात्यांनी सुरुवात केली. “जावईबापू, आमच्या पोरीचा गुन्हा काय?”

“काहीच नाही तात्या.”

“मंग न्यायला का येत न्हाई?”

“इथून बाहेर पडलो तर मलाच परत घेणार नाहीत.”

“कोण घेणार न्हाई?”

“इथलं सरकार.”

तात्यांच्या बैठकांमध्ये सासू आडवी आली होती, नणंद आली होती, दारू तर दर खेपेला आली होती. सरकार पहिल्यांदाच आलं होतं. तेवढ्यात नवऱ्यामागून एक गाय आरामात चालत गेली आणि चुलत सासऱ्यांनी विचारलं, ही किती लिटर देती? पुढची दहा मिनिटं माझा संसार बाजूला राहिला आणि आठही जण तांब्यापुढे वाकून पेंड, कास आणि कालवडींवर बोलले. माझा नवरा एवढा मोकळा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

मग पडद्यावर लेक आली. शाळेच्या कपड्यातच होती. बापाच्या हातून फोन घेऊन म्हणाली, “तात्याआजोबा, आईला सोडा ना आता.”

तात्यांच्या तोंडावर थप्पड बसल्यासारखं झालं. “आमी कुटं धरलीय बाळा? तुमच्याकडच्यांनीच दार लावलंय.”

“मग त्यांना रागवा,” ती म्हणाली.

तात्या माझ्याकडे वळले. जुन्या रीतीनं, जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं:

“पोरी, तुला नांदायचंय का?”

मी बोलकी बाई आहे. माझ्या वृद्धाश्रमातले बहिरे म्हातारेसुद्धा मला हळू बोल म्हणतात. पण आधी मला ते अर्ज आठवले. चार अर्जांमध्ये मी पासपोर्टचा नंबर दिला होता, बोटांचे ठसे दिले होते, लग्नाचे फोटो, विजेची बिलं, आजवर राहिलेल्या सगळ्या घरांचे पत्ते. तुला जायचंय का, असं कुठल्याच चौकटीत विचारलेलं नव्हतं.

“नांदायचंय, तात्या,” मी म्हटलं. “माझं घर आहे ते. मी उपकार मागत नाही.”

“लिवा,” तात्या म्हणाले.

गावातल्या निवृत्त गुरुजींनी स्टॅम्पपेपरवर ठराव लिहिला. अक्षर मोत्यासारखं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे, उतरवते: “आमची मुलगी निर्दोष आहे. ती नांदायला राजी आहे. जावई निर्व्यसनी असून नांदवायला राजी आहेत. अडवणूक करणारा तिसरा पक्ष आपण आहात. तरी मुलीस विनाविलंब घरी घ्यावे. आपले काही म्हणणे असल्यास बैठकीस समक्ष यावे, जेवणाची व राहण्याची सोय केली जाईल.” खाली आठ सह्या, गुरुजींची सही, आणि आईचा अंगठा. आईला सही येते. पण अंगठ्याला वजन जास्त असतं असं तिचं म्हणणं पडलं.

सासरकडचा एक पुतण्या अवसरीच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकवतो. इंग्रजी त्यानं केलं. करताना तो घामाघूम झाला. म्हणाला, काकू, जरा सौम्य करू का? हसतील हो ते. मी म्हटलं, शब्दसुद्धा बदलू नकोस. हसायला आधी वाचावं लागतं.

पाचवा अर्ज केला आणि त्याला तो ठराव जोडला, शिक्क्यांसकट.

तीन आठवडे काही नाही. मग उत्तर आलं, आणि त्याखाली एका माणसाचं नाव होतं. नुसतं पहिलं नाव, पण नाव. त्यानं दोन गोष्टी विचारल्या होत्या: या दहा व्यक्ती अर्जदाराच्या कोण, आणि त्यांना हे प्रमाणित करण्याचा अधिकार काय? मी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि दोन पानं लिहिली. लिहिलं की ही माणसं माझ्या लग्नात होती, माझ्या मुलीच्या बारशाला होती, आणि माझं लग्न मोडायची वेळ आली असती तर यांनीच मोडलं असतं. आम्ही दोघं खरोखर एकत्र राहतो का, याचा पुरावा आपण चार वेळा मागितलात. दोन तालुक्यांत याहून वरचं कोर्ट मला माहीत नाही. आपल्याकडे असल्यास कळवावे.

परवानगी आली तेव्हा व्हिशाचे एकोणीस दिवस उरले होते. उपलब्ध पुराव्यांचा विचार करता, असं त्यात लिहिलं होतं. त्याच सुमारास तिथले नियम थोडे सैल झाले होते, हे मला नंतर कळलं. ते मी गावात अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

निघायच्या दिवशी आई वॉकर घेऊन ओट्यावर आली. कित्येक महिन्यांनी आली. गिरणीवरच्या त्या शेजारच्या वहिनी डबा घेऊन चालल्या होत्या, त्यांना मुद्दाम हाक मारून थांबवलं. “लेक नांदायला निघाली,” आई म्हणाली, एवढंच. वहिनींनी डबा खाली ठेवला, घरात जाऊन कुंकवाचा करंडा आणला आणि माझी ओटी भरली. तात्यांचा हट्ट होता की रीतीप्रमाणे सोबत कुणीतरी पाठराखीण गेलीच पाहिजे. पहिल्यांदा नांदायला जाणाऱ्या नवरीबरोबर जाते तशी. परवानगी एकटीचीच आहे, हे त्यांना समजावता समजावता गाडीची वेळ झाली. शेवटी त्यांनी ठरावाची एक प्रत माझ्या पर्समध्ये कोंबली आणि म्हणाले, ही तुजी पाठराखीण.

तिकडे उतरल्यावर एक फॉर्म भरायचा होता. येण्याचं कारण: पर्यटन, काम, शिक्षण, कुटुंब, इतर. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर देवनागरीत लिहिलं, नांदायला. काचेमागच्या बाईनं कागद उलटसुलट पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी पर्समधून ठराव काढून काचेला लावला, मराठी बाजू तिच्याकडे करून. ती त्या दहा जणांच्या सह्या आणि अंगठा बराच वेळ बघत राहिली. माझ्यामागे रांग होती. तिनं शिक्का मारला.

पुढचे चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत काढले. लेक आणि नवरा रोज खाली रस्त्यावर येऊन उभे राहायचे, मी चौथ्या मजल्यावरून हातवारे करून त्यांना अख्खं गाव करून दाखवायची. पंधराव्या दिवशी घरी गेले. बघते तर गॅसची शेगडी तेलकट, आणि माझ्या कुंडीत कुणीतरी कोथिंबीर लावायचा अयशस्वी प्रयत्न केलेला.

तात्यांचा फोन दर महिन्याला येतो. आधी लेकीची चौकशी, मग गाईंची. मग ठरलेला प्रश्न.

“त्या सरकारनं माफी मागितली का गं?”

“नाही, तात्या.”

“मंग मिटलं कुटं?” ते म्हणतात. “तिसरा पक्ष आलाच न्हाई. बैठक चालूच हाय म्हणायची. तू त्यांना लिवत राहा.”

मी लिहिते. दर सोमवारी, त्याच पत्त्यावर, मराठीत. उत्तर पाठवू नये असं तिथे अजून लिहिलेलं आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी जेवणाची व राहण्याची सोय होईल, असं न विसरता कळवते.