अतिशयोक्तीचं उदाहरण

अलंकार म्हटलं की पुस्तकातली उदाहरणं पोपटासारखी म्हणून दाखवणाऱ्यांचा मला भारी राग येतो. म्हणून भोरच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला मी बजावलं होतं, उदाहरण घरात ऐकलेलंच हवं. अतिशयोक्तीला आपल्याकडं काय तोटा? आया चामडी लोळवतात, बाप उलटं टांगतात आणि संध्याकाळी सगळी मिळून जेवतात.

वेल्ह्याकडून येणाऱ्या एका मुलीनं उभं राहून वाचलं, "दादा म्हनला, परत कॉलेजला गेलीस तर तंगडं तोडून हातात दीन."

वर्ग खदखदून हसला. मीही हसले, शाब्बास म्हणाले. ती मात्र खाली बसेना.

"मॅडम, ही अतिशयोक्तीच हाय ना? नक्की?"

"कधी म्हणाला?"

"काल. आन मी आज आलीय."

माझं हसू तिथंच थिजलं. माझ्या शब्दावर ही पोर आता घरी जाणार होती. व्याख्या मला तोंडपाठ होती, पण तिच्या भावाची हमी मी कुठून देऊ? कॉलेज सुटल्यावर मी तिच्याबरोबर एसटीत बसले. नसरापूरला गाडी बदलली.

भाऊ अंगणात कोयत्याला धार लावत होता. मला बघून उठला, खुर्ची पुढं केली, आत चहा टाकायला सांगितला. मी सरळच विचारलं. तो मोकळेपणानं हसला.

"आवो मॅडम, बोलायची रीत हाय ती. गावात समदीच बोलत्यात. येवडं मनावर घ्यायचं व्हय?"

शेजारच्या ओट्यावरची माणसंही हसली. खोटं काय होतं त्यात? दुपारी मी वर्गात हेच तर सांगितलं होतं. मला हायसं वाटलं, उगाच राईचा पर्वत केला म्हणून थोडी लाजही वाटली. पण पोरगी उंबऱ्याच्या आत जाईना. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतत होती.

तेवढ्यात तिची आई बाहेर आली. हातात चहा नव्हता, पिशवी होती. लेकीचे कपडे, पुस्तकं, कंगवा, सगळं आधीच भरून ठेवलेलं. लेकाकडं न बघता तिनं ती पिशवी माझ्या हातात दिली.

"हिला घिऊन जावा, मॅडम. त्यो म्हनतो तसंच करतो."