तेल गरम झालं की मशीन पळतं

चहा हातात असेल तर आधी पिऊन घ्या. हा किस्सा ऐकताना एकाने माझ्या नव्या सोफ्यावर अर्धा कप सांडला होता, आणि तो डाग दाखवून सुजाता अजूनही मलाच बोलते. सुजाता म्हणजे माझी बायको. तिच्या माहेरी, भाईंदरजवळच्या मोर्व्याला, माझ्या हुशारीचा एक पुतळा आजही परसात उभा आहे. त्याच्यावर सध्या पापड वाळतात.

मी मूळचा गिरगावातला, लग्नानंतर भाईंदरला आलो. कंपनीत परचेस खात्यात आहे. म्हणजे जगातल्या सगळ्या मशीनची नावं मला पाठ, पण घरातला मिक्सर बिघडला की मी शेजाऱ्याला हाक मारतो. सासरची माणसं मोर्व्याची, पूर्वी भातशेती आणि मिठागरं करणारी. आता दुमजली घर आहे, वर भाडेकरू आहेत, पण सासूबाईंचं आंघोळीचं पाणी अजून परसातल्या चुलीवरच तापतं. गिझरवर त्यांचा विश्वास नाही.

झालं असं की सुजाताच्या धाकट्या भावाचं, दिनेशचं लग्न ठरलं. त्यांच्याकडे हळदीला अख्खा गाव जेवतो आणि तो स्वयंपाक लाकडाच्या चुलाणावरच होतो. गॅसवरचं मटण वाढलं तर म्हणे पाहुणे जेवतात, पण लक्षात ठेवतात. त्यातच परसातला जुना आंबा आदल्या पावसाळ्यात पडला होता. माणसं लावून त्याचे ओंडके केलेले होते, फक्त फोडायचे बाकी होते. घरच्या आंब्यावरच घरची हळद शिजेल, असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं.

आणि त्या स्वतःच कुऱ्हाड घेऊन परसात उतरल्या. वय अडुसष्ट. उजवा खांदा असा दुखावलेला की डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायला मनाई केलेली.

"तू काहीतरी कर," सुजाता मला म्हणाली. "आईच्या हातात कुऱ्हाड नको. हळदीच्या दिवशी ती हॉस्पिटलात असली तर मी तुला सोडणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस लावायचा. दोन दिवसांत काम झालं असतं. बरोबर आहे तुमचं, पण मला हे सुचलं नाही. मला सुचलं हायड्रॉलिक मशीन, तेलाच्या दाबावर चालणारं. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक परदेशी आजोबा ओंडका ठेवतात, दांडी ओढतात आणि लाकूड पावासारखं उघडतं. मी सुजाताला म्हटलं, हे तर मी घरी बनवतो.

सांगाडा सोपा होता. भंगारातून एक गर्डर मिळाला, एका मोडक्या डम्परचा सिलिंडर मिळाला, आणि भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात वेल्डरने पुढे लोखंडी पाचर जोडून दिली. प्रश्न उरला की हे सगळं चालवायचं कशावर. इथे मात्र मी तीन आठवडे घेतले.

पेट्रोल इंजिन घेतलं तर धूर आणि कानठळ्या. हाताचा जॅक घेतला तर एका ओंडक्याला दोनशे वेळा दांडा हलवायचा, म्हणजे सासूबाईंच्या खांद्याऐवजी माझा जाणार. थ्री फेज मोटर घ्यावी तर घरात थ्री फेज नाही. मी चक्क एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले, गुण दिले.

"दिनेशच्या मुलाचं बारसं होईल तोवर ठरेल तुझं," सुजाता म्हणाली.

शेवटी केबिन रोडला केतनभाईंच्या दुकानात गेलो. पंप, मोटर, पाइप असलं सगळं ते विकतात. त्यांनी सिलिंडरचा फोटो पाहिला आणि चष्मा वर सरकवला.

"साहेब, ये तो बहुत मोटा सिलिंडर छे. सिंगल फेज पे दो एचपी की मोटर और छोटा पंप चलेगा. पर बोलो, ताकत चाहिए के स्पीड?"

"ताकत," मी म्हटलं. मर्द माणूस दुसरं काय सांगणार?

"पछी मेरे को मत बोलना," केतनभाई म्हणाले.

पहिल्या रविवारी परसात उद्घाटन झालं. नारळ फुटला, मशीनला हळदकुंकू लागलं. मी ओंडका ठेवला आणि बटण दाबलं. मोटर अशी गरजली की दोन घरं पलीकडची माणसं बघायला आली. पाचर निघाली. सगळे बघत राहिले. पाचर अजून निघालेलीच होती. चार मिनिटांनी ती ओंडक्यात घुसली, कर्रर्र आवाज झाला आणि लाकूड दुभंगलं. मग मागे यायला तिने तीन मिनिटं घेतली.

"बेस हाय," सासूबाई म्हणाल्या. "जावय, तुमी दमलाव. चला, चाय घ्या."

त्या घरात जावयाने स्वतःचा कप उचललेला चालत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. दोन ओंडके झाले की मला चहा. मग नाश्ता. मग जेवण, आणि जेवणानंतर पुढच्या खोलीत पंख्याखाली आडवं होण्याचा आग्रह. मी म्हणायचो, आई, काम पडलंय. त्या म्हणायच्या, "बटनच दाबाचा हाय ना? मी बगतंय. तुमी पडा." सुजाता आत बायकांबरोबर लाडू वळत असायची, दिनेश पत्रिका वाटत फिरायचा. मोटरचा आवाज ऐकत मला छान झोप लागायची.

उठून परसात जावं तर फोडलेल्या लाकडांचा ढीग कमरेएवढा. सासूबाई पाटावर बसलेल्या, कपाळावर घाम, मोटर चालूच.

मी हिशेब घातला. मी चालवतो तेव्हा तासाला आठ ओंडके. सासूबाई चालवतात तेव्हा दोन तासांत चाळीस. का बरं? सामान्य माणूस इथे थोडा विचार करतो. मी एकदम सिद्धांत मांडला: सुरुवातीला तेल थंड असतं, ते गरम झालं की मशीन पळतं.

हा सिद्धांत मी सुजाताला सांगितला, ऑफिसात सांगितला, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट टाकला. केतनभाईंनाही दुकानात जाऊन सांगितला.

"ऐसा होता नहीं है, साहेब," ते म्हणाले.

"हो रहा है, केतनभाई. मेरी सास चलाती है, बैठे बैठे."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला पुन्हा नीट बघितलं. मला वाटलं, त्यांना माझं कौतुक वाटतंय.

चार रविवारांत आंबा संपला. हळद झकास झाली, लाकडं उरली. मी पाहुण्यासारखं बसायचं सोडून चुलाणाशेजारी उभा राहिलो आणि येईल त्याला मशीन समजावलं. भर उन्हाळ्यात सासूबाई उजव्या खांद्यावर शाल घेऊन फिरत होत्या. भात वाढायची वेळ आली तेव्हा त्यांनी डाव सुजाताच्या हातात दिला. लेकीला मान देतायत असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात जवळच्या डोंगरी गावच्या मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, मला म्हणाल्या, पुढच्या महिन्यात आमच्या पोराची हळद हाय. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, मशीन घेऊन मी स्वतः येतो. एका दिवसात तुमचं अंगण मोकळं करतो.

टेम्पोतून मशीन डोंगरीला गेलं. तिथली भावकी खुर्च्या टाकून बसली. चहा आला, मी नाकारला. आज जावई उठणार नाही, म्हटलं, आधी काम. बटण दाबलं. दहापासून दुपारी बारापर्यंत सोळा ओंडके झाले.

"आता तेल गरम होईल, बघा," मी म्हणालो.

तेलाच्या टाकीवर हात ठेवला तर चटका बसत होता. तरी पाचर आपल्याच चालीने जात होती. एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली. शेवटी मावशी जवळ आल्या आणि अगदी मायेने, मला शिकवल्यासारखं म्हणाल्या, "जावय, तुमी चुकताव कायतरी. ताई तर बोलली, मशीन चालू करून ठेवाची, न आपन कुऱ्हारीनं फोराची. तवाच तर तिचा खांदा सुजला व्हता ना."

मी बटण बंद केलं. इतकी शांतता झाली की लांबच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

तिथून थेट मोर्व्याला गेलो. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मला खरंच रडू येत होतं. ज्या खांद्यासाठी मी हे सगळं केलं, तो खांदा माझ्याच मशीनमुळे सुजला होता.

"आई, मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी माज्यासाठी एवरं खपलाव," त्या म्हणाल्या. "कोनाचा जावय करतो? तुमचा मन कसा दुखवाचा?" मग हळूच हसल्या. "न मशीन कामाची व्हती बरा. तिच्या आवाजात कुऱ्हारीचा आवाज कोनाला आयकू जात न्हवता. सुजातापन एकदा माज्यावर वरडाला आली न्हाय."

म्हणजे सासूबाईंची कुऱ्हाड बंद व्हावी म्हणून मी जे बनवलं, त्याचाच त्यांनी आडोसा केला होता. खांदा आता बरा आहे. सुजाताने आईची चांगली कानउघाडणी केली, मग माझी केली, माझी जास्त वेळ चालली. डोंगरीची लाकडं दोन माणसांनी दीड दिवसात फोडली. मी मशीन भंगारात द्यायला निघालो होतो, पण सासूबाईंनी हात लावू दिला नाही. जावयाने केलेली वस्तू आहे, म्हणाल्या, आणि गर्डरवर फडकं पसरून पापड घातले.

परवा केबिन रोडला केतनभाईंनी हाक मारली. माझा गरम तेलाचा सिद्धांत त्यांनी शेवटी खरा मानून आणखी दोन गिऱ्हाइकांना सांगितला होता, आणि त्यांची मशीन काही केल्या पळत नव्हती.

"साहेब, सच बोलो. आप की मशीन में पॉवर कौन सा लगाया था?"

आता लपवून काय करणार होतो?

"सासूबाई," मी म्हटलं. "वो कुल्हाड़ी चलाती थी, मैं चाय पीता था."