धर्मशाळेत मिळालेली सासू

मला सासू नव्हती. लग्न होऊन केनवडला आले तेव्हा ती मरून बरीच वर्षं झाली होती. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटायचं. पुढे मला एक सासू मिळाली, ती वाशीमच्या धर्मशाळेत, मुनीमाला खोटं सांगून.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नवरा मला बोलत नसे, मारत नसे, पण गप्प राही. गप्प माणूस डोक्यात काय शिजवतो ते कळत नाही. ते मला शेजारणीनं भिंतीवरून सांगितलं.

"तुले काही मालूम हाय काय वं? तुहा नवरा बाजाराच्या दिवशी वाशीमले पोरगी पाह्याले चालला. त्याच्या मामानं जुळवलं. बालाजीजवळच्या धर्मशाळेत पाहणं हाये."

त्या काळी दुसरी बायको करायला कोणाची मनाई नव्हती. सवत आल्यावर पहिलीचं काय होतं ते मी किन्हीराजाला, माझ्या माहेरी, मावशीच्या घरात पाहिलं होतं. मावशीला गोठ्याला लागून खोली मिळाली होती, आणि पावसाळ्यात त्या खोलीत बैलही बांधत. मला बैलांशेजारी झोपायचं नव्हतं. मी ठरवलं की आपण आधीच त्या धर्मशाळेत जाऊन बसायचं आणि नवरा आला की समोर उभं राहायचं. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

नवऱ्याला म्हटलं, "दोन-चार दिवस माहेरी जाऊन येते."

"जाय," तो म्हणाला. एरवी माहेरचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायचं. मग शेजारणीचं खरं आहे हे मला पटलं.

वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावला मोटार बदलावी लागे. मोटारवाले चाचा माझ्या वडलांना ओळखत. ते म्हणाले, "बेटी, किन्हीराजाची गाडी उधर हाय."

"मले वाशीमले जायचं हाये, चाचा."

"अकेली?"

"हो."

चाचांनी पुढच्या बाकावरून मिरच्यांचं पोतं उचललं आणि मला तिथे बसवलं. वाशीमपर्यंत मी शिंकत गेले.

धर्मशाळेच्या दारावर पाटी होती. पाटीखाली एक म्हातारी बोचक्यावर बसून लोखंडी खलबत्त्यात पान कुटत होती. तिला एकही दात नव्हता. मला पाटीकडे पाहताना पाहून ती म्हणाली, "वाचता येते काय तुले?"

"चार बुकं शिकली मी."

"मंग वाच. काय लिवलं?"

"एकट्या बाईस खोली मिळणार नाही."

"असं लिवलं हाय काय! तो मुनीम सकाळपासून हेच बोंबलून राह्यला. मले वाटलं, मनचं सांगते."

तेवढ्यात मुनीम बाहेर आला. म्हातारीनं खलबत्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "हे पाह्य, आली माही सून. दे आता खोली."

कोणाची सून आली म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मुनीम म्हणाला, "सून? मघाशी तर तुम्ही म्हणत होत्या, संगं कोनी नाही."

"सुनेले कोनी मोजते काय रे?" म्हातारी म्हणाली. "उचल वं ते बोचकं. तोंड काय पाहून राह्यली?"

मी बोचकं उचललं. मलाही खोली हवी होती.

खोलीत एक बाज, एक खुंटी आणि एक झरोका होता. दार लावलं तर अंधार, उघडं ठेवलं तर अंगणातली कुत्री आत. म्हातारीनं बाजेवर बसकण मारली आणि खुंटीवर आपली पिशवी टांगली. मी म्हटलं, "आजी, बाज आळीपाळीनं घेऊ."

"आजी म्हनू नको. आत्याबाई म्हन. मुनीमाचे कान लंबे हायेत."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तेव्हापासून तिचं हेच सुरू झालं. "सूनबाई, पानी आन." "सूनबाई, चूल पेटव." "सूनबाई, डोक्यावरचा पदर कुठं गेला?" अंगणात लोक असत तेव्हा ठीक होतं. पण दार लावल्यावर ती पाय लांब करून म्हणाली, "दाब."

"आता इथं कोन पाह्यते?"

"कोनी नाही. पन सवय पडू दे. उद्या लोकाइसमोर तुले जमलं नाही तं?"

घोरायची ती अशी की शेजारच्या खोलीतला कापसाचा व्यापारी सकाळी मला म्हणाला, "बाई, तुमच्या सासूचा आवाज आमच्या जिनिंगसारखा हाय, पन जिनिंग रात्री बंद होते." उठल्या उठल्या तिचा खलबत्ता सुरू होई. मी खाली जमिनीवर झोपत असे आणि कुटलेल्या पानाचे तुकडे माझ्या तोंडावर पडत.

मी मुलाच्या नवसाला आले असं तिला सांगितलं होतं. ती कशाला आली ते मी विचारलं नाही. तरी तिनं दुसऱ्या दिवशी भाकर खाताना सांगितलं. ती अनसिंगकडची. तिच्या नातीला मालेगावच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं, बिजवर. पोरीचा बाप, म्हणजे म्हातारीचा पोरगा, तयार होता. बाजाराच्या दिवशी तो पोरीला बैलगाडीतून घेऊन येणार होता आणि नवरदेवही तिथेच येणार होता. म्हातारी पोराशी भांडून आधीच येऊन बसली होती.

"शेतीवाडी हाये, दोन बैलजोड्या हायेत म्हने," ती म्हणाली. "पन आधीची बायको कशानं मेली ते कोनी सांगत नाही. कोनाले इचारलं तं म्हनते, मेली, आता काय त्याचं. अशी कशी मेली? जवान बाई."

"विहिरीत लोटली असन," मी म्हटलं.

"मलेही तसंच वाटते."

"नाही तं उपाशी ठेवली असन. असे लोक दिसाले गरीब दिसतात, आत्याबाई. पोरगी देऊ नका."

"नवरदेवाचं नाव काय?" असंही मी विचारलं. ती म्हणाली, "नाव तं असं हाये का तुले सांगू नाही वाटत. तू हासशीन."

आता वाचणारा म्हणेल, बाई, तुला संशय कसा आला नाही? आला होता. बाजाराचा दिवस, तीच धर्मशाळा, मालेगावची बाजू. पण आमच्याकडे बैलजोडी एकच होती आणि तिच्यातला एक बैल लंगडा होता. शिवाय माझ्या नवऱ्याची बायको मी होते आणि मी भाकर खात होते. म्हणून मला वाटलं, एकाच दिवशी दोन पाहणी असतील. लग्नाचा हंगाम होता.

त्या दुपारी ओट्यावर बायका तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "सूनबाई, नाव घ्या." नवऱ्याचं नाव आम्ही एरवी तोंडातून काढत नसू. अजूनही काढत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघींत, आग्रह झाल्यावर. मी नको म्हटलं. पण म्हातारीला सासूपण फार चढलं होतं.

"घे म्हनते ना! माह्या पोराचं नाव घ्याले लाज वाटते काय तुले?"

मी शेंगांचा आणि देवळाच्या पायऱ्यांचा कसाबसा उखाणा जुळवला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. त्याची आधीची दोन भावंडं पाळण्यात गेली होती. म्हणून तो जगावा आणि मरणालाही नकोसा वाटावा, यासाठी त्याला उकिरड्यातल्या एका वस्तूवरून नाव ठेवलं होतं. तसं नाव तालुक्यात दुसऱ्या कोणाचं असेल असं मला वाटत नाही. बायका हसल्या. मला त्याची सवय होती.

म्हातारी मात्र हसली नाही. "पुन्हा घे," ती म्हणाली. "बापाच्या नावासकट घे. आडनावासकट."

मी घेतलं. उखाणा बिघडला, पण नाव पुरं झालं.

म्हातारीनं माझा दंड धरला, खोलीत नेलं आणि दार लावलं. अंधारात मला तिचा फक्त आवाज येत होता.

"तू तं मेली ना वं!"

"मी कायची मेली?"

"मेली म्हनून सांग्तलं त्याच्या मामानं. माह्या पोरासमोर डोये पुसले त्यानं."

मग मला सगळं कळलं आणि मी मटकन बाजेवर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदा बाज मिळाली ती अशी. मी रडले नाही. माझ्या मनात आलं ते हे की आपण याला विहिरीत लोटणारा म्हटलं, ते काही फार चुकलं नाही.

"आत्याबाई, आता काय करायचं?"

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "तू पदर घे अन् माह्याजवळ बस. बाकी मी पाह्यते."

बाजाराच्या दिवशी नवरा आणि त्याचा मामा आले. नवऱ्यानं लग्नातला फेटा बांधला होता. धोतर मीच धुऊन ठेवलं होतं, माहेरी जाण्याच्या आधी. मुनीम दारातच होता. म्हातारीनं त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज माझा पोरगा येणार, नाव अमुक. मुनीमानं नाव विचारलं आणि मोठ्यानं म्हणाला, "या या! दोन दिवसापासून तुमची माय अन् बायको वाट पाहून राह्यल्या."

"माही माय अन् बायको?" नवरा म्हणाला. माय खरोखरच मेलेली होती, आणि बायकोला मामानं मारलं होतं. दोघी मिळून धर्मशाळेत वाट पाहत आहेत म्हटल्यावर कोणीही घाबरेल. मामानं त्याच्या बाहीला धरलं, ते धीर द्यायला की पळायला, ते समजलं नाही.

आम्ही दारातून बाहेर आलो. मला पाहून नवरा म्हणाला, "तू तं माहेरी गेली होती!"

"नाही," मी म्हटलं. "मी मेली होती."

म्हातारी पुढे झाली. "ये बापू. लई उशीर केला. पाया पड."

"मी ह्या बाईले ओळखत नाही," नवरा लोकांना म्हणाला.

हे तो खरं बोलला. पण लोकांना ते फारच लागलं. शेंगा सोलणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कापसाचा व्यापारी म्हणाला, "अरे, मायले ओळखत नाही म्हनते! ही बिचारी सून रातदिस पाय दाबून राह्यली, अन् हा फेटा बांधून फिरते!"

"माही माय मेली," नवरा म्हणाला.

"मायले मेली म्हनते!" एक बाई ओरडली. "तोंड पाहा त्याचं!"

मामा सांगायला लागला की यात काहीतरी गडबड आहे. म्हातारी त्याला म्हणाली, "तू सांग रे, गडबड काय हाये ते. ह्या पोरीले कोनं मारलं, ते सांग सगळ्याइले." मामा एकदम म्हणाला की त्याला बाजारात मिरच्या घ्यायच्या आहेत, आणि गेला. परत आला नाही.

नवरा एकटा उरला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याला गप्प राहायची सवय होती, पण त्या दिवशी गप्प राहूनही भागलं नाही.

"त्यानं सांग्तलं मेली," म्हातारी म्हणाली, "तवा तू काय म्हटलं?"

"मी काही नाही म्हटलं."

"हेच तं! आता म्हन. ठेव माह्या डोक्यावर हात. मायच्या डोक्याची शपथ घे का हे जिती हाये तोवर अन् मी जिती हाये तोवर दुसरी करनार नाही."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी आमच्या खोलीच्या झरोक्याकडे पाहिलं. मुनीमानं त्याचा हात धरून म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. नवऱ्यानं शपथ घेतली, पाया पडला, आणि बायका म्हणाल्या, आता कसं शहाण्यासारखं वागला.

दुपारी म्हातारीचा पोरगा गाडी घेऊन आला. तिनं त्याला अंगणात येऊच दिलं नाही. नातीला बाजारात बांगड्या भरल्या आणि गाडी अनसिंगला परत लावली. त्या पोरीला पुढे पहिलंच लग्न करणारा नवरा मिळाला. दोन बैलजोड्या त्याच्याकडेही नव्हत्या.

मोटारीत चाचांनी आम्हा दोघांना पुढच्या बाकावर बसवलं. केनवड येईपर्यंत नवरा एवढंच बोलला, "ते काही माही माय नाही."

"शपथ घेतली तवा होती," मी म्हटलं.

मायीच्या डोक्याची शपथ परक्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून घेतली तर लागू पडते की नाही, हे त्यानं नंतर एका जोश्याला गुपचूप विचारलं. जोशी म्हणाला, "ते बाई आजारी पडली तं समजन." त्यामुळे त्याचा घोर आणखी वाढला. म्हातारी पुढे दर उन्हाळ्यात आमच्याकडे महिनाभर राहायला यायची आणि बाज घ्यायची. तिला साधं पडसं झालं तरी शेजारीण भिंतीवरून नवऱ्याला विचारायची, "काहून बापू, कुठं पोरगी पाह्याले गेला होता काय?" मग हा स्वतः काढा करून तिला पाजायचा. सख्ख्या मायीची इतकी सेवा त्यानं केली नसती. पुढे मला दोन पोरी झाल्या. म्हणजे तसं काही अडलेलं नव्हतं, त्यालाच घाई झाली होती.

म्हातारी खूप जगली. शेवटी अनसिंगला आपल्या घरीच गेली, काही न होता, जेवून झोपली ती उठलीच नाही. निरोप आला तेव्हा नवऱ्यानं न्हाव्याला बोलावून पोटच्या पोरासारखं डोकं भादरून घेतलं. मी त्याला सांगितलं नव्हतं. तोवर त्याचेही बरेच दात पडले होते.

तेरावं झाल्यावर तो ओसरीवर बसून टाळूवरून हात फिरवत होता. म्हणाला, "आता अर्धी शपथ सुटली."

"कर मंग दुसरी," मी म्हटलं. "पन बाज मी सोडनार नाही. ते दुसरी खाली झोपन."

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "राहू दे. पान कुटून दे."

मी दिलं.